खोडलेली बाग

११ जानेवारी, शनिवार

उद्या पाहुण्यांना दाखवायच्या बागांची यादी छापून आली. सात बागा. आठवी मी खोडली — आमचीच! बागा पाहून गुण देणाऱ्या अनुप आणि भावनाने शैलाला सगळ्यांत जास्त गुण दिले होते. पण बागमंडळाचा अध्यक्ष मी, शैलाचा नवरा. अकोल्याहून पाहुणे येणार, त्यांना अध्यक्षाच्याच घरी नेलं की लोक म्हणणार, घरचं कौतुक चाललंय. म्हणून रेघ मारली. इथवर ठीक. पण शैलाने विचारलं तेव्हा म्हणालो, "कमिटीला नाही पसंत पडली."

हे कशाला म्हणालो? चाळीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात तावातावाने बोललो आणि घरात एक वाक्य खरं बोलवेना.

ती एवढंच म्हणाली, "काय कमी पडलं, ते सांगितलं का त्यांनी?"

१२ जानेवारी, रविवार

दिवसभर बागा पाहिल्या. अनुप आणि भावना आले नव्हते, सुटलो. मी पुढे, पाहुण्यांना माहिती देत. शैला मागे, हातात वही. कँपात डॉक्टरांकडे गुलाब, रुक्मिणीनगरला गच्चीवर टबांमध्ये कमळं. प्रत्येक ठिकाणी तिचं एकच — "तुम्ही हे कसं करता?" खत कोणतं, ऊन किती, सगळं लिहून घेत होती. नापास झालेल्या मुलीने पहिल्या नंबरवालीची वही उतरवून घ्यावी तसं! तिसऱ्या बागेपासून मी तिच्या जवळपास उभं राहणंच टाळलं.

शेवटी वलगाव. दुर्गाबाईंचं परस — वाल, चुका, झेंडू, कोपऱ्यात म्हैस. चहा देताना बाईंचं लक्ष शैलाच्या नखांकडे गेलं.

"बाई, तुमच्या हाताले माती दिसून राह्यली. तुमची बाग कावून नाई दाखोली या पाव्हन्यायले?"

"कमिटीला नाही पसंत पडली," शैला हसून म्हणाली.

"कोन हाय थे कमिटी? आना त्याले इकडं."

सगळे हसले. मीही हसलो! लाज वाटायची ती आत्ता लिहिताना वाटतेय.

परतताना गाडीत ती म्हणाली, "मी उगाच समजत होते, मला जमतं म्हणून." मी म्हणालो, गाडी चालवतोय, नंतर बोलू. रस्ता मोकळा होता.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेतला, गोड बोललो. खरं नाही बोललो.

१६ जानेवारी, गुरुवार

शैलाचं हळदीकुंकू. दरवर्षी वाण म्हणून वाट्या नाहीतर चाळण्या असतात. यंदा तिने कुंड्या दिल्या. तिच्या स्वतःच्या, वाढवलेल्या! आधी वाटलं, दोन-चार देईल. पण एकेक बाई पदर सावरत कुंडी घेऊन जातच राहिली.

"अगं, सगळ्याच काय देऊन राहिलीस?"

"ज्यांच्याकडे नीट वाढतील, त्यांच्याकडे जाऊ द्या."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बायका होत्या घरात, हे निमित्त पुरलं मला. उलट ओळखीतल्या पौर्णिमावहिनींची जड कुंडी मीच ऑटोपर्यंत उचलून नेली. केवढा सज्जन मी! परत आलो तर अंगणात फरशीवर ओल्या गोल खुणा. शैला झाडू घेऊन सांडलेली माती गोळा करत होती. मी पेपर उघडला.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या मंडळाची बैठक झाली की सांगायचंच. काही झालं तरी.

१९ जानेवारी, रविवार

सांगायची वेळच आली नाही. बैठकीत अनुपने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, काकूंच्या बागेला तर आम्ही सगळ्यात जास्त गुण दिले होते. यादीत नाव कसं नव्हतं?"

शैला माझ्या शेजारीच बसली होती. मी चष्मा पुसायला घेतला. वीसेक माणसं माझ्याकडे पाहत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच नको म्हटलं होतं," ती अनुपला म्हणाली. "घरी पाहुणे यायचे होते माझ्या, ऐनवेळी आले नाहीत."

कोणी पाहुणे यायचेच नव्हते. अनुप म्हणाला, "अरेरे काकू, पुढच्या वर्षी नक्की." विषय संपला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं खोटं तिने पदरात घेतलं, तेही इतकं सहज! घरी आल्यावर भाजी चिरायला बसली.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी चहाच्या वेळी माफी मागायला बसलो. नाव का खोडलं, खोटं का बोललो, सगळं मनात नीट जुळवून ठेवलं होतं. दोन वाक्यं झाली आणि तिने थांबवलं.

"ते राहू द्या. मागच्या भिंतीजवळ मी काय लावलं होतं, सांगा बरं."

"गुलाब," मी म्हणालो. ती बघत राहिली. "शेवंती?"

ती कप उचलून आत गेली.