वरच्या कागदाचं टोक

सावदा, ४ जानेवारी १९९३, दिवेलागण

शाळेत वारा सुटला की छताचे पत्रे थडथडायचे आणि आम्ही पोरं घाबरून कविता आणखी मोठ्याने म्हणायचो. आज परसातून तसाच आवाज येतोय. पत्र्यांचा नाही, प्लॅस्टिकचा.

सूनबाई बाळंतपणाला माहेरी, एरंडोलला गेली तेव्हा तिच्या हरितगृहातली केळीची रोपं माझ्या हवाली करून गेली. "आबा, थंडी वाढली की वरून प्लॅस्टिकचा दुसरा कागद घाला. पण दोन्ही कागद एकमेकांना टेकू देऊ नका, मधली हवाच ऊब धरते."

काल एकट्यानेच घातला. एक कोपरा ताणलाच गेला नाही, तिथे वरचा कागद खालच्याला टेकलाय. एक टोक ओढावं तर दुसरं सुटतं. मुलगा कामासाठी धुळ्याला. त्या कोपऱ्याखालची पानं काळवंडलीत, की मलाच तसं वाटतंय? मघाशी रोपांपुढे उभा राहून चक्क कविता म्हटली.

खरं तर भीती रोपांची एवढी नाही. सूनबाईचे दिवस भरलेत. तिची रोपं गेली तर... नको, लिहूच नये. तो कोपरा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात एरंडोलचे व्याही! मी उंबऱ्यातच विचारलं,

"पोर बरी आहे ना?"

"बठ्ठं बेस शे, आबा, समदं ठीक. अजून येळ शे. पोरनीच धाडं माले. म्हने, आबा नुसत्या कविता म्हनत बसतीन, दुसरं टोक कोन धरी?"

चहालाही थांबले नाहीत. परसातून हाका मारताहेत.