चार पौंड कमी

बाबा, तुमची नात आत्ता नागपूरच्या रस्त्यावर आहे आणि मला एका जागी बसवत नाही. नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू आहे. कूलरसमोर बसून लिहिते आहे, तरी कागद मनगटाला चिकटतो आहे. पहाटे निघायचं ठरलं होतं. ती उठली उशिरा, मग नाश्ता, मग केस वाळवणं, आणि भर उन्हात अकराच्या सुमाराला जबलपूरहून निघाली. तुम्ही असता तर गाडीची चावी लपवून ठेवली असती. मी नुसती दारात उभी राहून तिच्या हातावर दही-साखर ठेवली. एकटीच आहे. पोहोचल्यावर फोन करते म्हणाली. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही. ही शिस्त मीच लावली तिला, आणि आज तीच माझ्या मुळावर उठली आहे.

झालं असं, की निघताना तिनं सहज विचारलं, "मम्मी, इतक्या गर्मीत आजोबा गाडीचं काय करायचे?" आता गाडीतलं मला कोणी काही विचारत नाही. तुमचे जावई स्वतःला त्यातले मोठे जाणकार समजतात. दर रविवारी राइट टाउनच्या एका चहावाल्याकडे त्यांच्यासारखेच पाच-सहा जण आपापल्या गाड्या उभ्या करून जमतात. काळी गाडी जास्त तापते का, चढावर एसी बंद करावा का, बॅटरीवरच्या गाडीला जबलपूरचा उन्हाळा सोसेल का, यावर हमरीतुमरीवर येतात, आणि स्वतः मात्र झाडाची सावली सोडत नाहीत. त्या घोळक्यात मला कोण विचारतो? म्हणून मुलीनं विचारलं तेव्हा मी फुशारून गेले. सांगितलं तिला, की आजोबा उन्हाळ्यात लांब निघायचं असलं की टायरमधली हवा चार पौंड कमी करायचे. रस्ता तापला की हवा फुगते, तिला जागा ठेवावी लागते. तिलवाऱ्याच्या पुलाअलीकडे पेट्रोलपंप लागतो, तिथे थांबून काढून घे. ती हो म्हणाली आणि गेली.

ते करताना तुम्ही मला अजून दिसता. घमापूरच्या त्या गल्लीत गाडी फक्त आपल्याकडेच. तुम्ही बनियनवर चाकाशी उकिडवे बसला आहात, हवा मोजायची पेनाएवढी नळी दातांत धरली आहे. फुस्स करून हवा सुटते, मी शेजारी उभी राहून त्या गार फुंकरीखाली बोटं धरते आहे, आणि आई आतून विचारते आहे, की निघायचं आहे की चाकांची पूजा चालली आहे. पाटणला आत्याकडे जाताना गाडी हटकून बंद पडायची. पेट्रोल तापलं, म्हणायचात तुम्ही. मग लिंबाखाली थांबायचं, बोनट उघडायचं, आतल्या पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं. राग मात्र आईवर निघायचा, तिच्यामुळे उशीर झाला म्हणून. एकदा असंच थांबलेलो असताना मदत करायला म्हणून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेले, तर तुम्ही मनगटावर असा फटका मारलात की मी भोकाड पसरलं. मग सुरईतलं उरलेलं पाणी गाडीला न घालता माझ्या हातावर ओतलंत. "तापली आहे ती," म्हणालात. "काहून घाई करून राहिली? बस थोडी." कारण तुम्ही कधी कशाचंच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच असणार, एवढं मला पुरत होतं.

दुपारी जावई रविवारचा तो चहा पिऊन परतले. मी मोठ्या ऐटीत त्यांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अगं, काहून सांगितलं तिला तसं? हवा कमी असली की टायर दबतो, अजून तापतो. हायवेवर असेच तर फुटतात." मी म्हटलं, बाबा जन्मभर हेच करत आले. तर म्हणाले, "बाबांची गाडी साठच्या वर कधी गेली होती का?" मग मला खाली नेऊन आमच्या गाडीच्या दाराच्या कडेला चिकटवलेला टायरच्या हवेचा कागद दाखवला. त्यात उन्हाळ्याचा वेगळा आकडा नाहीच. उलट भरल्या गाडीला हवा जास्त लिहिली आहे. हे दार मी रोज उघडते, पण कधी वाचलं म्हणून नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं आळीपाळीनं फोन लावतो आहोत. नुसती घंटी जाते. ते मला रागावत नाहीत, गॅलरीत फेऱ्या मारताहेत, आणि ते जास्त वाईट आहे. आता सिवनी मागे पडली असेल. पुढे कुरईचा घाट, मोठमोठे ट्रक, डांबर वितळलेलं. मला पोरगी दिसत नाही, फक्त तिचं मागचं डावं चाक दिसतं. खरं सांगते बाबा, मला तुमचा भयंकर राग येतो आहे. तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं? एकदा तरी कोणाला विचारून घ्यायचं होतं. आणि असं लिहिताना लगेच वाटतं, तुमच्या जुन्या टायरांचं गणित वेगळं असेल, जावयांना काय ठाऊक.

इथपर्यंत लिहून उठले, आणि दोनेक तासांनी फोन वाजला. पोहोचली. लोणच्याची बरणी पिशवीत सांडली, हे आधी सांगत होती. मी मध्येच तोडून टायरचं विचारलं. ती जरा घुटमळली. "मम्मी, मी हवा काढलीच नाही. तू इतकी खूश होऊन सांगून राहिली होती, म्हणून हो म्हटलं." तुमच्या जावयांनी माझ्या हातातून फोन घेतला, तिला शाबासकी दिली, आणि डोळे पुसत पाणी प्यायला आत गेले. मी पुन्हा इथे येऊन बसले आहे.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. ती सुखरूप आहे हे कळल्यावर मला हायसं वाटलं, पण ते नंतर. त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला तिचा राग आला, की तिनं तुमचं ऐकलं नाही.