शेवटची मोटार भट्टीत आहे

प्रिय इंजिनबाई,

हे पत्र तुला भोंगा देईल. तुमच्या ट्रकच्या ड्रायव्हरला मी हे नाव ठेवलंय, कारण गल्लीत वळायच्या आधी तो हॉर्नवर जो हात ठेवतो तो थेट माझ्या दारात येऊन काढतो. पत्राबरोबर सहावी मोटार येतेय. ती आधी उतरवून घे, मेगर लाव, आत ओल राहिली असेल तर काटा सांगेलच. मग निवांत बसून वाच. तुला ओळखतो म्हणून सांगतो, नाहीतर क्रेनखाली उभी राहून वाचशील. फोन का नाही केला असं विचारू नकोस. फोनवर तू "हो हो अप्पा" म्हणतेस आणि लगेच बेअरिंगांवर घसरतेस. कागदाला असं मधेच तोडता येत नाही.

तू गेलीस तेव्हा पंधरवड्याचीच गोष्ट होती. तिथलं पंपघर पुरात छतापर्यंत बुडून वर आलेलं, गाळणीच्या टाक्यांत कमरेएवढा चिखल, आणि अख्खं शहर टँकरमागे पळतंय, असं तू पहिल्याच दिवशी कळवलंस. आजूबाजूच्या गावांच्या पाणीपुरवठ्यांनी जमेल ते पाठवलं. कुणी पाइप दिले, कुणी क्लोरीन, कुणी पाणी तपासणारी माणसं. आपल्या गावानं आपली इंजिनियर पाठवली, तुला. मग एके दिवशी तुझा फोन आला की सातही मोटारींत गाळ भरलाय, मोठ्या वर्कशॉपांत कारखान्यांच्या मोटारींची रांग लागलीय, अप्पा, तुम्ही कराल का? खरं सांगू, आधी मला रागच आला. दोन वर्षं कुलूप लावलेलं माझं रिवाइंडिंगचं दुकान तुला आत्ताच बरं आठवलं? वाटलं, म्हातारा रिकामा बसलाय, त्याच्यापुढे खेळणं टाकतेय. पण पहिली मोटार उघडली, आतून नदीचा वास आला, तांब्याच्या तारांत गाळ घट्ट बसलेला दिसला, आणि राग कुठल्या कुठे गेला. लहान मुलाला घालावी तशी आंघोळ घातली तिला.

धुणं सोपं गं, वाळवणं अवघड. माझी बल्ब लावलेली वाळवायची पेटी घरगुती पंपांपुरती, तिच्यात तुमच्या मोटारीचं नुसतं झाकण मावलं. दुकानाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात समोरची बेकरीवाली आली. तिला सांगितलं की मंद आणि सारखी धग हवी, बराच वेळ. ती म्हणाली, मग माझी भट्टी काय वाईट आहे? सकाळचे पाव निघाले की दुपारभर नुसती तापून पडलेली असते. झालं! गल्लीतल्या चार जणांनी फळीवरून मोटार सरकवली, भट्टीचं तोंड जेमतेम पुरलं. पहिल्या वेळी मी घाई केली. पाव निघाल्या निघाल्या मोटार आत ढकलली, तर तारांवर बांधलेल्या फिती करपल्या आणि वार्निशचा असा धूर सुटला की बेकरीवाली झाडू घेऊन माझ्या मागे लागली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पावांना तोच वास. गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली तेव्हा तिनं ठणकावलं, "नाक दाबा आणि खा! तिकडं लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुमचे काय नखरे!" सगळ्यांनी मुकाट्यानं पाव नेले. एकानं तर एक जास्तीचा मागून घेतला.

तेव्हापासून आमची घडी बसली. पाव निघतात, भट्टी थोडी उतरते, मग मोटार आत. मी बाहेर स्टुलावर बसून पेपर वाचतो. तुझा फोटो त्यातच बघितला. गमबुटांत, गालावर चिखल, कुणावर तरी ओरडतेयस. बेकरीवालीनं तो कापून काउंटरवर चिकटवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते की हिच्याच मोटारी आमच्या भट्टीत असतात. फोटोखालची बातमी मात्र मी दोनदा वाचली. तिथले साहेब निवृत्त होतायत, आणि सगळी पाणीयोजना तुझ्या हाती द्यायचं ठरतंय, म्हणे. पंपघर उंचावर हलवायचं, पुन्हा पूर आला तरी शहराचं पाणी तुटू द्यायचं नाही, हे सगळं काम तुझं. येत्या सोमवारी तू काय ते सांगणार आहेस. हे सगळ्या जगाला ठाऊक, आणि मला तू फोनवर काय सांगितलंस? बेअरिंगांना ग्रीस कमी पडलंय.

चार दिवस मी रुसून होतो. बोललो नाही, पण होतो. मला वाटलं, हिला जायचंय, आणि म्हाताऱ्याला कसं सांगावं ते कळत नाहीये. जावं तिनं, असं मनाला बजावायचो आणि लगेच घरात येऊन तुझ्या खोलीची खिडकी उघडायचो, हवा खेळती राहावी म्हणून. तू गेल्यापासून घर फार शांत झालंय. मी स्वतःशीच भांडायला लागलोय आणि त्यात मजा येत नाही. तुझी आठवण येते, सारखी येते. कधी तोंडानं बोललो नसतो, म्हणून इथे लिहून टाकतो.

परवा दुकान झाडताना दुसरं स्टूल समोर आलं. त्याचं. तो इथे माझ्या शेजारी बसून तारा गुंडाळायचा, तेव्हा मला वाटायचं की आता हा आहे आणि दुकान आहे, मला कसली काळजी? मग त्यानं लांबच्या एका शहरात दुसरा संसार थाटला. महिन्यातून एकदा फोन करतो, तब्येत विचारतो, मी "बरी आहे" म्हणतो. पोटचा आहे, तुटत नाही. पण तुझं नि त्याचं कागदावर मोडलं त्या दिवशी तुझ्या बॅगा दारात होत्या आणि रिक्षा बोलावलेली होती. मी स्वयंपाकघरात लपून बसलो होतो, कुठल्या तोंडानं तुझ्यासमोर येणार? तू निरोप घ्यायला आत आलीस आणि तो गळका नळ तुझ्या नजरेला पडला. "अप्पा, हा असाच ठेवणार होतात का?" म्हणत पदर खोचलास आणि पाना घेऊन बसलीस. रिक्षावाला कंटाळून निघून गेला. नळ दुरुस्त झाला, तू हात धुतलेस, चहा टाकलास, आणि जायचा विषय जो बारगळला तो बारगळलाच. लोक विचारायचे, आता ही तुमची कोण? मी म्हणायचो, इंजिनबाई. दुसरं काही म्हणायची माझी छाती नव्हती.

आता पत्र का लिहिलं ते ऐक. काल भोंगा चहा पिताना बोलून गेला, "मॅडमनी त्या जागेला नाही म्हणून सांगितलं साहेबांना. घरी वडील एकटे असतात, त्यांचं घर, त्यांचं दुकान, त्यांना या वयात उपटून आणणं बरं नाही म्हणाल्या." मी म्हटलं, अरे, हिचे वडील कुठले? ते तर ही कॉलेजात असतानाच गेले. भोंगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला, चहा पार निवून गेला. नंतर भट्टीची धग लागली असं सांगून डोळे पुसले. बेकरीवाली हसली, तिला कोण फसवणार! तर बाई, सून होतीस तोवर मी तुझ्यावर कधी हक्क गाजवला नाही. पण आता तूच वडील केलंयस, तर वडिलांचं ऐकायचं. साहेब अजून सोमवारपर्यंत थांबलेत असं भोंगा म्हणतो. आजच्या आज जा आणि हो म्हण. मला विचारल्याशिवाय माझ्या नावानं नाही म्हणायला तुला कुणी सांगितलं होतं? शेवटची मोटार भट्टीत आहे. ती वाळली की तिच्याबरोबर ट्रकात बसून मीही येतोय. तारा गुंडाळायचं यंत्र बांधून झालंय, दोन्ही स्टुलं घेतलीयत. दुकानाची जागा बेकरीवाली पिठाची पोती ठेवायला वापरेल. तुमच्या शहरात मोटारींच्या तारा नव्यानं भरणारा एकही माणूस नाही म्हणे, म्हणजे मी काही तुझ्याकडे नुसता बसायला येत नाहीये. खोली तेवढी वरच्या मजल्यावर बघ. नळ गळका असला तरी चालेल, आपण दोघं बघून घेऊ.

तुझाच,
बाप