शेडमधल्या भिंती मोडायच्या नाहीत

मी, फिलोमेना आबेयानोसा, वय अडुसष्ट, धंद्याने चित्रपटांच्या सेटवरची रंगारी, राहणार पिट मेडोज, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी मला भरीस घातलेलं नाही. बुद्धी शाबूत आहे. मन मात्र शांत नाही, ते रागावलेलं आहे. वकीलबाईंना मी आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "राग चालतो. अक्षर तेवढं लागलं पाहिजे." अक्षराची काळजी नको. फिलिपिन्समधल्या सुरिगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्नांनी बोटांवर पट्टी मारून ते घडवलेलं आहे.

कलम १. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात घर, जमीन आणि शेड माझ्या दिवंगत भावाचा मुलगा जोव्हेन याच्या नावे होती. ते मायेपोटी लिहिलं होतं. माया अजून आहे. मृत्युपत्र राहिलेलं नाही.

कलम २. घरामागची शेड, जिथे पूर्वी ब्लूबेरी खोक्यांत भरत. आता तिथे भिंती उभ्या आहेत: न्यायालयाच्या, इस्पितळाच्या, तुरुंगाच्या, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांच्या. लाकडी चौकटीवर पातळ प्लायवूड ठोकून केलेल्या. आमच्या धंद्यात अशी भिंत सुतार बांधतात, मी रंगवते, नट तिच्यासमोर चार दिवस रडतात, आणि पाचव्या दिवशी करवत घेऊन माणसं येतात. मी त्या कचऱ्यातून ओढून आणल्या. ज्याला हवी त्याने न्यावी, हवा तो रंग द्यावा, परत आणावी. भाडं एवढंच, की परत आणावी.

हे प्लायवूड लौआनचं असतं. या शहरात ते शब्द म्हणून वापरतात, जसं खिळा किंवा गोंद. मी ते झाड म्हणून ओळखते. माझे वडील लाकडाचा ट्रक चालवत. मला, आईला आणि भावाला पुढच्या सीटवर बसवून डोंगरात न्यायचे, आणि तिथे एका लौआनला आम्ही तिघांनी मिळून कवेत घेतलं तरी आमचे हात एकमेकांना पोचत नसत. आमचे डोंगर संपले. आता ते फिलिपिन्सच्या शेजारच्या देशांतून येतं, आणि तिथलंही संपत आलं आहे. मी आयुष्यभर काय केलं? त्या झाडाच्या अंगावर ओकच्या रेघा ओढल्या. लोक म्हणाले, वा, अगदी खरा ओक! कचऱ्याच्या डब्यात पडतानाही ते ओक म्हणूनच पडलं.

कलम ३. काय घडलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या पश्चात कोणी गोड करून सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात एका कंपनीने माझ्या न्यायालयाच्या सगळ्या भिंती नेल्या. कंपनीचं नाव लिहून कागद विटाळत नाही. जोव्हेन तिथे निर्मिती व्यवस्थापक. त्याला या धंद्यात मीच आणलं, बोट धरून. त्यांना पर्यावरण जपणारी 'हिरवी निर्मिती' असा मान हवा होता. म्हणून जेवणाला बांबूचे चमचे आले, जिकडेतिकडे पानांची चित्रं लागली. बाहेर डिझेलचा जनरेटर दिवसभर गुरगुरत होता, कारण रस्त्यावरची वीज जोडून घ्यायला आधी फोन करावा लागतो आणि तो कोणी केला नव्हता. मी विचारलं तर जोव्हेन, जो मला आमच्या भाषेत तिता म्हणजे आत्या म्हणतो, म्हणाला, "तिता, तू ना, प्रत्येक लग्नात रुसलेली आत्याच असतेस." मी हसले. तेव्हा हसले.

चित्रीकरण संपलं की आमच्याकडे भिंतींच्या पाठीवर चिकटपट्टी लावतात. हिरवी म्हणजे परत पाठवायची. पट्टी नाही म्हणजे कचरा. माझ्या सगळ्या भिंतींना हिरवी पट्टी होती, आणि पाठ बाहेर करून त्या ओळीने उभ्या केल्या होत्या. तेवढ्यात प्रसिद्धीवाली मुलगी कॅमेरा घेऊन आली. कंपनी भिंती कशा पुन्हा वापरते, याचीच फिल्म करायची होती.

"मागची बाजू फार कळकट दिसते हो," ती म्हणाली.

"फिरवूया की," जोव्हेन म्हणाला. "तिताचा रंग दिसू दे जगाला!"

फिरवल्या. फिल्म झाली, टाळ्या झाल्या, सगळे घरी गेले. भिंती परत फिरवायचं कोणालाही सुचलं नाही. सकाळी मोडणारी टोळी आली. समोर रंगवलेल्या भिंती, पट्टी कुठेच नाही.

सुतारांची मुकादम लोर्ना पास्को गाडीतून उतरून धावत सुटली. "थांबा रे मेल्यांनो! म्हातारीच्या आहेत त्या!"

करवतवाला म्हणाला, "पट्टी नाही, बाई. नियम तुम्हीच शिकवलाय."

लोर्ना एका भिंतीला पाठ लावून उभी राहिली, म्हणून ती एक वाचली. बाकीच्या पावसात डब्यात पडलेल्या मी स्वतः पाहिल्या.

चूक कोणाच्याही हातून होते. चुकीसाठी मी कोणाचा वारसा काढून घेतला नसता. पण जोव्हेनचा फोन आला तो असा: "तिता, भिंतीच आहेत ना? नव्या करून देतो की. त्याच मापाच्या, अगदी कोऱ्या!"

कोऱ्या. म्हणजे आणखी एक डोंगर. हे वाक्य त्याच्या आजोबांच्या ट्रकमध्ये बसून म्हणून दाखवावं त्याने.

पुढच्या महिन्यात त्या फिल्मवर कंपनीला मान मिळाला. काचेचं पान. जोव्हेनने ते माझ्या घरी पाठवलं, सोबत चिठ्ठी: "खरं तर हे तुझंच." ते शेडचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावावं. वजन बरं आहे.

कलम ४. शेड, तिच्याखालची जमीन आणि सगळ्या भिंती मी लोर्ना पास्को हिला देते. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. घर विकून येईल ते, आणि बँकेत असेल ते, शेडच्या छपरासाठी. जमिनीला भाव चांगला आहे हे मला माहीत आहे, कृपया कोणी सांगू नये. मी लोर्नाला विचारलं तेव्हा ती (मला लाडाने मेनिंग म्हणते) म्हणाली, "मेनिंग, मला धड माझं गॅरेज आवरता येत नाही. तू मरू नकोस, तेच सोपं पडेल." याला मी होकार समजते.

एक अट. माझ्या शेडमध्ये नियम उलटा राहील: खूण नसेल ते राहील. काही टाकायचंच असेल, तर टाकणाऱ्याने त्यावर स्वतःचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहावं आणि आठवडाभर ती वस्तू दाराबाहेर, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवावी.

कलम ५. माझे ब्रश आणि लाकडाच्या रेघा ओढायच्या फण्या आमच्या कामगार संघटनेतल्या नव्या रंगाऱ्यांना. कॉन्व्हेंटच्या चॅपलचे खांब सिमेंटचे होते. सिस्टर बेनिग्ना दर उन्हाळ्यात त्यांवर संगमरवर रंगवीत आणि मी रंगाचा डबा धरून उभी असे. त्या म्हणत, "खऱ्या दगडाकडे आधी आदराने बघ, मगच खोटा काढ." एवढं शिकवून मगच फण्या द्याव्यात.

कलम ६. माझी शवपेटी लोर्नाने वाचवलेल्या त्या भिंतीची करावी. नवं लाकूड कापायचं नाही. माझा ओकचा रंग पूर्ण खरवडून काढावा आणि दुसरा कोणताही देऊ नये. जेवणाला पान्सित, म्हणजे आमच्याकडच्या परतलेल्या शेवया, करावं आणि माझ्याच स्टीलच्या ताटांतून वाढावं. कागदी पेल्यात कॉफी दिलीत तर उठून बसेन.

कलम ७. साक्षीदार. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. म्हणून एक साक्षीदार माझे शेजारी बलबीर सिंग ढाडा, ज्यांच्याकडे स्वतःची शेती पुष्कळ आहे. दुसरा जोव्हेन.

त्याला मी फोन केला आणि साक्षीदार होणं म्हणजे काय ते स्पष्ट सांगितलं. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, मला सही करताना पाहिलं की पुरे. पण मी त्याला हे सगळं वाचून दाखवलं, कलम तीनसुद्धा.

मग तो म्हणाला, "रविवारी येतो, तिता. सही करतो. आणि शेडमध्ये खिळे उपटायला माणूस लागतो का, ते लोर्नाला विचारून ठेव."

मी म्हटलं, तूच विचार. ती शिव्या देईल, ऐकून घे.

स्थळ: पिट मेडोज. दिनांक: ३ मार्च २०२४, रविवार.

मृत्युपत्र करणार: फिलोमेना आबेयानोसा (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली आणि तिच्यासमोरच आम्ही सह्या केल्या:
बलबीर सिंग ढाडा, शेतकरी (सही)
जोव्हेन आबेयानोसा, पुतण्या (सही)