सिद्धूच्या गाडीत केलेल्या सुधारणा

४ फेब्रुवारी, मंगळवार

सिद्धूचा फोन आला. स्वतःहून. दसऱ्याला घर सोडून गेल्यापासून पहिल्यांदा. लोणी देवकरच्या कंपनीतून त्याला गुजरातच्या प्लँटला पाठवतायत. कायमचं. वीस तारखेला गुरुवारची सुट्टी आहे, तेव्हा घरी येणार आणि कपाटावरचा गाडीचा खोका घेऊन जाणार. म्हणाला, अक्का, खोका हाय न्हवं? त्याला हात लावू नगंस.

एका जुन्या खोक्यासाठी कुणी लासुर्ण्यापर्यंत येत नाही. म्हणजे त्याला घरी यायचंय. बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा विषय होता. स्पेशल नव्हता, पण होता.

आबांना सांगितलं, सिद्धू येणार आहे. आबा तंबाखू मळत होते. मळतच राहिले. आई म्हणाली, अवं, इतकी मळली तर खायला उरंल का तंबाखू?

ठरवलं: सिद्धू गुजरातला जाणार नाही. ही जबाबदारी माझी. घरात शिकलेलं माणूस कशाला असतं?

५ फेब्रुवारी, बुधवार

खोका खाली काढला. हात लावला नाही, फक्त उघडला.

आत प्लॅस्टिकची छोटी काळी गाडी. जुनी अमेरिकन. सिद्धू आठवीत असताना बारामतीच्या मुन्नाच्या भंगार दुकानातून त्याने हा किट आणला होता. निम्मे भाग नव्हतेच, उरलेले जोडून त्याने ती उभी केली. मी तेव्हा बारामतीला हॉस्टेलवर होते, त्यामुळे नीट पाहिली आजच.

खोक्यावर ‘हॉट रॉड’ असं छापलंय. मोबाइलवर शोधलं. तिकडची पोरं जुन्या गाड्या घेतात, मडगार्ड काढून टाकतात, इंजिन उघडं ठेवतात, टप कापून खाली बसवतात आणि मोठा आवाज करत फिरतात. म्हणजे अमेरिकेतही सिद्धू आहेत.

आपल्या सिद्धूने दसऱ्याआधी आबांच्या ट्रॅक्टरचं हेच केलं. डाव्या बाजूचं मडगार्ड काढून मुन्नाला विकलं, सायलेन्सर उंच केला, मागे दोन स्पीकर बांधले. आबा तसाच ट्रॅक्टर घेऊन गावात गेले. चौकातले लोक म्हणाले, गेणबा, वरात कुणाची म्हणायची? आबा घरी आले आणि सिद्धूला म्हणाले, तुझी वरात माझ्या दारात नगं. सिद्धू त्याच संध्याकाळी गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांचं नावही घेत नाहीत. स्पीकर गोठ्यात पोत्याखाली आहेत. मडगार्ड एकच राहिल्यामुळे आबांच्या शेजारी एकालाच बसता येतं. गेल्या महिन्यात आईला दवाखान्यात नेलं तेव्हा मी मागून चालत गेले.

आता विचार असा: ही गाडी मी नीट, सभ्य, पूर्ण करून ठेवली तर? सिद्धूला दिसेल की बिघडलेली गोष्ट सुधारता येते. आबांना दिसेल की सिद्धूची वस्तूसुद्धा नीटनेटकी असू शकते. समेट आपोआप होईल.

दोष बरेच आहेत. इंजिनावर बॉनेट नाही. मडगार्ड नाहीत. दारावर ज्वाळा काढल्यात, जणू गाडीला आग लागलीय. सगळ्यात मोठा दोष चाकांचा. पुढची दोन छोटी काळी आणि मागची दोन मोठी, पिवळी, दातेरी. दुसऱ्याच कुठल्या तरी खेळण्याची, उघड आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बॉनेट तयार. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कात्रीने कापून, मेणबत्तीवर थोडं गरम करून वाकवलं. एका बाजूला जास्त वाकलं. पण रस्त्यावरच्या खऱ्या गाड्याही कुठे सरळ असतात?

आई संध्याकाळभर मिठाच्या डब्याचं झाकण शोधत होती. श्रीखंडाचा डबा आता मिठाचा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या कामात छोटे गैरसोयीचे प्रसंग येतात.

९ फेब्रुवारी, रविवार

चाकं. चारही सारखी हवीत. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण अगदी योग्य मापाचं आहे. घरात तीन निघाली. चौथं शेजारच्या भामाबाईंकडे आहे, पण त्यांची बाटली अर्धीच संपलीय. मी दिवसातून तीन वेळा जाऊन त्यांना औषधाची आठवण करून देते. भामाबाई आईला म्हणाल्या, म्हाळसे, तुझी पोरगी गुणाची गं, माझ्या सुनेला न्हाय एवढी काळजी. आई माझ्याकडे बघत राहिली.

मागची पिवळी चाकं उचकटून काढली. फार घट्ट बसवली होती, आसाच्या भोकाभोवती प्लॅस्टिक वितळवून. किती अडाणी पद्धत. काढताना मागचा भाग थोडा तडकला. पुढची काळी खोक्यात ठेवली, ही बंबाजवळच्या कचऱ्यात टाकली. सकाळी पाणी तापवताना जळून जातील.

आबा आज बंबाजवळ बराच वेळ बसले होते. थंडी आहे अजून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दारावरच्या ज्वाळा पुसायला नेलपेंट काढायचं लिक्विड वापरलं. ज्वाळा गेल्या. थोडं दारही गेलं. प्लॅस्टिक मऊ झालं आणि माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर कायमचा उमटला. अगदी स्पष्ट, रेघ न् रेघ.

निराश न होणे. रंगाखाली झाकलं जाईल.

सिद्धूचा मेसेज: खोका तसाच हाय न्हवं? मी लिहिलं, खोका अगदी तसाच आहे. यात खोटं काहीच नाही. खोक्याला मी काहीही केलेलं नाही.

त्याला सरळसेवा भरतीची लिंकही पाठवली. दोन निळ्या टिका आल्या. वाचतोय, हे महत्त्वाचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रंग पांढरा ठरवला. तहसीलदारांच्या गाडीसारखा. सिद्धू एक दिवस तशा गाडीत बसू शकतो, त्याला फक्त कुणी सांगितलेलं नाही.

घरात दारं-खिडक्यांचा उरलेला ऑइल पेंट होता. साय आल्यासारखा घट्ट. तोच दिला, दोन हात. अंगठा अजून दिसतो, उलट जास्त दिसतो. गाडी वाळत ठेवली तर कोंबडी तिच्यावरून गेली. एक पीस चिकटलंय ते निघत नाही.

आईने विचारलं, हे काय करून ठिवलंस? मी योजना समजावून सांगितली. समेट, प्रतीक, वगैरे. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, त्यापरीस त्याला फोन करून सांग की घरी ये म्हणून.

आईला मानसशास्त्र कळत नाही. असं सरळ सांगून कुणी येतं का?

१५ फेब्रुवारी, शनिवार

भामाबाईंचं औषध संपलं! चौथं चाक मिळालं. त्यांचा खोकला मात्र आहे तसाच.

चारही चाकं बसवली. फेविक्विकने गाडीची काच आतून धुरकट झाली, आता आत काहीच दिसत नाही. माझी दोन बोटंही एकमेकांना चिकटली. गरम पाण्यात धरून सोडवली. चाकं फिरत नाहीत. पण गाडी शोकेसमध्येच राहणार आहे, फिरून जायचंय कुठे? तिने जाऊ नये हाच तर उद्देश आहे.

आबा येता-जाता खिडकीपाशी थांबतात. गाडीकडे बघतात आणि पुढे जातात. आज मला विचारलं, त्याला ठावं हाय का हे? मी म्हटलं, सरप्राइज आहे. आबा म्हणाले, व्हय, तसंच हुईल ते.

गेल्या चार महिन्यांत आबा सिद्धूबद्दल पहिल्यांदाच बोलले. ‘त्याला’ म्हणाले. प्रगती आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज काम केलं नाही. आईने मला पाहायला येणाऱ्या लोकांचा विषय काढला. म्हणाली, सिद्धू गेला का घरात मानसं किती? तू, मी आन् त्यो मुका बाप. तू तर आता तुझ्या घरी जाशीलच.

मी म्हटलं, सिद्धू जाणारच नाहीये.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, बरं.

तिच्या या ‘बरं’चा मला फार राग येतो. सिद्धू गेल्यावर संध्याकाळी घर कसं असेल याचा विचार मी करत नाही. चार महिने तसंच आहे. आबा जेवतात, ताट सरकवतात, उठतात. मी दिवसभरात वाचलेलं काही सांगायला लागले की ते ऐकतात, मग विचारतात, मोटार बंद केली का? सिद्धू असताना निदान भांडण तरी व्हायचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंतिम टप्पा. पुढे एमएच ४२ अशी नंबरप्लेट लावली. शाम्पूच्या बाटलीची मडगार्डं बसवली, चारपैकी तीन टिकली. काचेवर बारीक लाल अक्षरांत ‘महाराष्ट्र शासन’ लिहायला घेतलं. अक्षरं सुरुवातीला थोडी मोठी झाली. ‘महाराष्ट्र शा’ एवढंच मावलं. ‘सन’ बॉनेटवर घ्यावं का, विचार केला. नको. समजणाऱ्याला समजतं.

रंग अजून ओला आहे. परवापर्यंत वाळेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. गावात दिवसभर स्पीकर. मी गच्चीवर जाऊन उद्याच्या दोन शब्दांची तालीम केली. सुरुवात: ‘प्रिय बंधू सिद्धेश्वर आणि आदरणीय आबा.’ गाडीवर रुमाल टाकून ठेवायचा आणि दोघांच्या हस्ते तो दूर करायचा. दोघांनी एकेक टोक धरायचं. हात जवळ येतील.

आबांना म्हटलं, उद्या घरीच थांबा. म्हणाले, रानात पाणी हाय. रानात उद्या लाइट रात्रीची आहे, हे त्यांनाही माहीत आहे, मलाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ

नऊ वाजले. आईने मासवड्या केल्यात. आबा आंघोळ करून नवी बंडी घालून रानात गेले. पाणी धरायला नवी बंडी!

मला खात्री आहे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर दाखवता येईल: आज रात्री सिद्धू इथेच जेवेल.

२० फेब्रुवारी. संध्याकाळ

जसं झालं तसं लिहिते.

सिद्धू बाराला आला. वाळलाय. दाढी वाढवलीय. जोत्यावरच बसला, आत आला नाही. आईने तिथेच ताट आणून दिलं. तेवढ्यात आबा आले. हौदापाशी पाय धूत राहिले. पाय धुवायला इतका वेळ लागत नाही.

मी गाडी आणली, मध्ये ठेवली. भाषण सुरू केलं, पण ‘आदरणीय आबा’च्या पुढे गेलंच नाही, कारण आबा पाठमोरे होते. शेवटी रुमाल मीच ओढला. रुमाल रंगाला चिकटला होता. ओढताना एक मडगार्ड त्याच्याबरोबर गेलं.

सिद्धू बराच वेळ बघत होता. मी वाट पाहत होते की तो डोळे पुसेल. त्याने बोटाने दारावरचा अंगठा चाचपला. मग एकच विचारलं: अक्का, मागची चाकं कुठंयत?

मी सांगितलं की ती किटमधली नव्हती, विसंगत होती, म्हणून टाकली. जळून गेली असतील.

तो तसाच भरल्या ताटावरून उठला. आई त्याला बस म्हणत होती.

तेव्हा आबा हौदाकडून आले. नव्या बंडीच्या खिशात हात घातला आणि दोन्ही पिवळी चाकं जोत्यावर ठेवली. एकाची कड जळून काळी झाली होती. म्हणाले, बंबापाशी पडली हुती.

सिद्धू म्हणाला, तुमी वळखली?

आबा म्हणाले, मीच आणल्याली, मला वळखायची न्हायत व्हय? इंदापूरच्या बाजारातनं तुला खेळन्यातला ट्रॅक्टर घेतला हुता, त्याची. किटात मागची चाकंच नव्हती, तर खिळा तापवून हितंच बसवली आपण दोघांनी.

मी म्हटलं, मला कुणी कसं सांगितलं नाही? आबा म्हणाले, तू हुतीस कुठं? तू हास्टेलला.

त्यात राग नव्हता. त्यांनी फक्त मी कुठे होते ते सांगितलं.

मग आबांनी पक्कड आणली. आबांनी गाडी धरली, सिद्धूने औषधाची झाकणं उपटली. मग मडगार्ड. मग बॉनेट. आबांनी काच डोळ्यांजवळ नेऊन अक्षर-अक्षर लावून वाचलं, महाराष्ट्र शा. आणि सिद्धूला म्हणाले, ही वरात कुणाची म्हणायची रं?

सिद्धू हसला. आधी नुसता, मग ठसका लागेपर्यंत. आबा हसले नाहीत, पण मिशी हलत होती. चार महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलत होते, पार उन्हं उतरेपर्यंत, आणि सगळं माझ्याच कामाबद्दल. हे कशानं चिकटवलंय, हे काय फासलंय, ही कोंबडी कुणाची. मी शेजारी उभी होते. कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, फेविक्विक आहे म्हणून.

आबांनी खिळा तापवला. खोक्यातली काळी पुढे लागली, पिवळी चाकं मागे बसली. मागून उंच, पुढे वाकलेली, रंग निघून अर्धी पांढरी, अर्धी काळी झालेली गाडी. ती फिरायला लागली.

सिद्धूने ती खोक्यात ठेवली. मी म्हटलं, आता राहशील ना? तो म्हणाला, अक्का, उद्या रातीची गाडी हाय गुजरातची. बुकिंग झालंय. मग म्हणाला, दिवाळीला येतो. हे आबांकडे बघून म्हणाला.

आबांनी ट्रॅक्टर काढला, त्याला एसटीपर्यंत सोडायला. सिद्धू मडगार्डवर बसला, मांडीवर खोका. मीही निघाले होते, चप्पल घातली होती. पण मडगार्ड एकच आहे.

आवाज वळणापर्यंत ऐकू आला. सायलेन्सर अजून उंचच आहे.

मी जोत्यावर पडलेलं सगळं गोळा केलं. आईने त्यातून बॉनेट उचललं, उलटसुलट केलं आणि आत जाऊन मिठाच्या डब्यावर बसवून पाहिलं. दाबून पाहिलं. म्हणाली, हे आता हिकडंबी बसंना.

मग तिने डब्यावर ताटली ठेवली. बोटांना लागलेला पांढरा रंग तिने माझ्या ओढणीला पुसला. अजून ओलाच होता.