मान वळवायची नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
साक्षीने आज त्या नवनाथची चटई आपल्या शेजारी टाकली. स्वतःच्या हाताने! तो सातपूरच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून थेट योगाच्या क्लासला येतो, अंगाला ऑइलचा वास. वाकला की हात गुडघ्यांच्या खाली जात नाहीत. आणि ही त्याला म्हणते, "सावकाश कर, छान चाललंय." छान? मी शाळेत असताना योगासनांच्या स्पर्धेत पदक आणलंय. मला कधी म्हणाली नाही.

५ नोव्हेंबर
क्लासच्या लताताई सगळ्यांसमोर — "ज्ञानेश, तू अजून पंचांसाठी आसनं करतोस. श्वास कोंडून. इथे पंच कुठे आहेत? जुनं सोड, नाहीतर आहेस तिथेच राहशील." साक्षी हसली. नवनाथही. त्याचं काय काम हसायचं!

८ नोव्हेंबर
सर्वांगासन. पाय वर, भार खांद्यांवर. यात मान वळवायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण डावीकडे नवनाथ धपकन पडला आणि साक्षी खुसखुसली. त्याला हात देऊन उठवत असणार. मी बघितलं. कट्!

९ नोव्हेंबर
मान धरली. आई शेकताना म्हणते, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता मानही मोडून घे." मान न वळवता भांडता येत नाही.

१२ नोव्हेंबर
लताताईंनी एवढंच विचारलं, "कुणाकडे बघत होतास?" मी चटईची गुंडाळी करायला घेतली.
"बरं. उद्यापासून पहिल्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून. नुसतं उभं राहायचं. आणि शवासनातून सगळे गेल्यावरच उठायचं."
नुसतं उभं! नवशिक्यांनाही याहून जास्त देतात.
ठरलं. सर्वांगासन नीट जमलं की साक्षीला सांगून टाकायचं. नवनाथच्या देखत!

१४ नोव्हेंबर
समोर भिंत. एक पोपडा. कान मागे. ती हसली की माझा श्वास बंद. लताताई पाठीवर हात ठेवून म्हणतात, "सोड."
क्लासला जाताना नवनाथच्या गाडीची हवा सोडणार होतो. मानेमुळे वाकताच येईना.

१८ नोव्हेंबर
मला धड उभंही राहता येत नव्हतं, हे आज कळलं. सगळा भार डाव्या टाचेवर — म्हणजे साक्षीच्या बाजूला. इतके महिने! आधी हसू आलं, मग राग.

२१ नोव्हेंबर
आज श्वास कुठेच अडला नाही.

२६ नोव्हेंबर
सर्वांगासन दिलं लताताईंनी. नजर पायाच्या अंगठ्यांवर, मान जिथल्या तिथे. खाली आलो तर त्या फक्त "हं" म्हणाल्या. पदक मिळालं तेव्हासुद्धा एवढं बरं वाटलं नव्हतं.
उद्या सांगतो. उद्याच!

२७ नोव्हेंबर
सांगायचं म्हणून शवासनातून आधीच उठलो. दारात नवनाथ थांबलेला. माझ्यासाठी.
"साक्षी का येत नाही रे? सोमवारपासून नाहीये. फोनपण उचलत नाही. म्हटलं तुला माहीत असणार. तिचं सारखं तुझंच चाललेलं असायचं — ज्ञानेशची मान बरी झाली का, ज्ञानेश बोलत का नाही..."
वळून बघितलं. तिची जागा रिकामी.
सोमवारपासून! आणि मी इकडे श्वास घेत होतो.