तोकिएचे चार टायर

२० ऑक्टोबर. सकाळी ७.
तोकिए काल घाटापलीकडे कितामीला गेली, चिहारुकडे. लेकीकडे जाऊन थोडे दिवस राहते म्हणाली. थोडे म्हणजे किती ते मी विचारलं नाही. विचारलं की बायका शेफारतात. जाताना भोपळ्याच्या भाजीचे दोन डबे फ्रीजमध्ये ठेवून गेली. दारापर्यंत गेलो नाही. आत पेपर वाचत बसलो आणि तिच्या रिव्हर्सला नुसत्या आवाजावरून मार्क दिले. पन्नास. टायरचा आवाज जरा जाड वाटला, घूं घूं असा. बेअरिंग असणार. आली की बघतो.

भांडण वगैरे काही झालेलं नाही. परवा १८ तारखेला बाजारातून येताना मी फक्त एवढंच म्हटलं, की चौतीस वर्षं शिकवतोय तरी तू वळणाआधी आरशात बघत नाहीस. तिने गाडी कडेला घेतली आणि पाच मिनिटं समोर बघत बसली. इंडिकेटर न देता कडेला घेतली, हेही मी तेव्हाच सांगितलं. दमली असेल.

२७ ऑक्टोबर. रविवार.
टायर बदलायचा दिवस, उन्हाळी काढून बर्फात पकडणारे हिवाळ्याचे बसवायचे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, आमच्या घरात सणच. दरवर्षी मी जॅक लावतो, तोकिए शेजारी उकिडवी बसून ओंजळीत नट धरते. आज ओंजळ नव्हती. एक नट शेडखाली गेला तो गेलाच.

पण त्या नटापायी वाकलो आणि दिसलं. कोपऱ्यात तिच्या गाडीचे चार टायर, रिमसकट, काळ्या पिशव्यांत. हिवाळ्याचे. एप्रिलमध्ये मीच बांधून ठेवलेले. म्हणजे बाईसाहेब उन्हाळी टायरवर गेल्या आहेत, आणि घाटात बर्फ कधीच सुरू झालंय. आता यावंच लागेल. तिला टायर बदलता येत नाहीत. नट उलटे फिरवते.

पिशव्यांना फुलाची गाठ आहे. मी दुहेरी गाठ मारतो. एप्रिलमध्ये घाई झाली असावी.

आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. भोपळ्याचा दुसरा डबा संपवला.

निश्चय: फोन आला की ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणायचं नाही. नुसतं ‘ये’ म्हणायचं.

६ नोव्हेंबर.
गावात घोटाभर बर्फ. फोन नाही. अंघोळीला जातानासुद्धा फोन बरोबर नेतोय. काल वाजला तर छपरावर सोलर बसवता का म्हणून कोणी विचारत होता. त्याला वीस मिनिटं बोलण्यात गुंतवून ठेवला. वाईट नव्हता माणूस.

१० नोव्हेंबर.
मीच फोन केला, भात शिजवायच्या कुकरचं बटण विचारायला. बटण मला माहीत आहे. चिहारुने उचलला. म्हणाली, आई गाडी घेऊन बाहेर गेलीये. मी म्हटलं, कुठल्या टायरवर? तर म्हणाली, बाबा, टायरचं आईने बघितलंय, तुम्ही काळजी करू नका.

बघितलंय. म्हणजे टायर नाहीत हे बाईंच्या लक्षात आलंय, पण तोंड उघडून मागवेल तर ती तोकिए कसली. ठीक आहे. मोठेपणा कोणीतरी घ्यायचा असतो. टायर मीच घेऊन जाणार. घाट ओलांडला की दोन तासांचा रस्ता. अंगणात चारही बसवून देईन, हात धुईन, आणि सहज म्हणेन, चल आता.

शेजारच्या ओनोदेराबाई बटाटे घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, मास्तर, त्या पिशव्या एकदा उघडून तर बघा. तुम्ही मित्रांबरोबर गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला गेला होतात ना त्या दिवशी, तोकिए शेडमध्ये दिवसभर काहीतरी खटपट करत होती. मी म्हटलं, झाडलोट करत असेल. आणि बाई, रबराला उजेड दाखवायचा नसतो. त्या ‘बरं’ म्हणाल्या. बटाटे मात्र चांगले आहेत.

१३ नोव्हेंबर.
पहिली स्वारी. माझी स्वतःची गाडी, लांब नाकाची, मागच्या चाकांना जोर असलेली. अशा गाडीला बर्फात मनगट लागतं आणि ते माझ्याकडे आहे. टायर पाचव्या हिवाळ्यातले, पण रबर कधी संपलं ते माझं बोट सांगतं. बोट म्हणालं, अजून आहे.

घाटाच्या पायथ्याशी, अजून चढही सुरू झाला नव्हता, तिथे गाडीने सावकाश पाठ फिरवली आणि ढिगाऱ्यात जाऊन बसली. मी स्टिअरिंग अगदी पुस्तकाप्रमाणे फिरवलं होतं.

बर्फ काढायच्या मशीनवर नेमका मुरोझुमी. याला मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चार वेळा नापास केला होता. दोर लावून बाहेर काढलं आणि टायरवर हात फिरवून म्हणाला, मास्तर, तीन हिवाळे झाले की टायर बदला, हा तुमचाच पहिला धडा होता ना? मी म्हटलं, तो तुमच्यासारख्यांसाठी. हसला. वाकून नमस्कारही केला. त्याचंच जास्त लागलं.

२२ नोव्हेंबर.
टायरच्या दुकानात गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा, काचेसारख्या बर्फावर चिकटणारा हवा की जास्त टिकणारा? तिला एक तास समजावलं की हा प्रश्नच चुकीचा आहे. मऊ रबर पकडतं पण झिजतं, कडक टिकतं पण घसरतं, आणि घरच्या बाईसाठी नेहमी मऊ घ्यायचं. मागे रांग लागली होती. शेवटी तिने विचारलं, ही गाडी अजून किती हिवाळे चालवणार?

बायकोला विचारून सांगतो म्हटलं आणि बाहेर आलो. तसेही बसवायला पाच डिसेंबरच्या आधी कोणी मोकळं नव्हतं; ती तारीख तेवढी धरून ठेवली.

२६ नोव्हेंबर.
दुसरी स्वारी. ओनोदेराबाईंचा बटाट्याचा छोटा ट्रक. मागे तोकिएचे टायर, वर ताडपत्री. बाई म्हणाल्या, चढाला लागायच्या आधी चारही चाकांना जोर देणारं बटण दाबा. मी म्हटलं, बाई, मी तीस वर्षं हे शिकवलंय.

तिसऱ्या वळणावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मागे सहा गाड्या. समोर पांढरं, मागे पांढरं, वायपर नुसता शेव्हिंग क्रीम पसरल्यासारखं बर्फ पसरतोय. एक बाई उतरून म्हणाली, आजोबा, मी काढून देऊ का? रिव्हर्सने खाली आलो. रिव्हर्स मात्र शंभरपैकी नव्वद.

ओनोदेराबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, बटण दाबलंत? बटण दाबलं की नाही हा मुद्दा नाही. मुद्दा रस्त्याच्या निगेचा आहे.

निश्चय: तिच्या डोक्यावर बसून चालवणं शिकवायचं नाही. चहा मागताना ‘जरा’ म्हणायचं. आरशाचं काढायचं नाही. एकदम जमणार नाही, पण हळूहळू.

३ डिसेंबर.
स्वप्नात तोकिए ओंजळीत नट घेऊन बसली होती. म्हणाली, धरून धरून हात गोठले हो. जाग आली तर माझेच हात रजईबाहेर. चौतीस वर्षांत एकदाही तिला हातमोजे घाल म्हटलं नाही. जाड हातमोज्यांनी नट निसटतो, हे शिकवलं होतं.

आज लोकरीचे घेतले, पातळ. लाल. तिला लाल आवडतो असं वाटतं.

५ डिसेंबर.
पोचलो.

माझी गाडी टायरवाल्याकडे सोडली आणि भाड्याची घेतली, फिकट निळी, पुढच्या चाकांची, खेळण्यासारखी. नवे कोरे टायर. एवढं बर्फ पडत होतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता, आणि ही बया मांजरासारखी निघाली. मी काहीच केलं नाही. नुसता बसलो होतो. तोकिएशी काय बोलायचं ते पाठ करत होतो.

चिहारुच्या अंगणात तोकिएची गाडी उभी होती. वायपर काचेला गोठू नयेत म्हणून उभे करून ठेवलेले. मी पिशव्या उतरवल्या, जॅक काढला, गुडघ्यावर बसलो आणि चाकावरचं बर्फ झटकलं. हिवाळ्याचे टायर. पुढच्या डाव्यावर पोस्टाच्या कट्ट्याला घासल्याचा ओरखडा. त्या ओरखड्यावरून मी तिला आठवडाभर बोललो होतो. टायर तिचेच.

मग मी पिशवी उघडली. आत उन्हाळी. आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं, तिच्या अक्षरात. पुढचा डावा. ५ ऑक्टोबर. नट समोरासमोरचे घेतले, दोनदा घट्ट केले. सगळं मी शिकवल्याप्रमाणे.

पाच ऑक्टोबर. भांडण अठराला झालं. मी कुंडात बसून मित्रांना तोकिएच्या ड्रायव्हिंगचे किस्से सांगत होतो, तेव्हा ही शेडमध्ये एकटी जॅक फिरवत होती. जाते म्हणायच्या चौदा दिवस आधी.

ती बाहेर आली. केस कापलेत. म्हणाली, अहो, ते उन्हाळ्याचे आहेत. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, आणलेत ते बरंच केलंत. एप्रिलमध्ये एवढ्यासाठी तिकडे यावं लागणार होतं.

आणि दोन दोन टायर गडगडवत स्टोअरमध्ये लावूनही टाकले. मला हात लावू दिला नाही. कंबर सांभाळा म्हणाली.

चहा दिला. चिहारु म्हणाली, आई दोनदा एकटी समुद्र बघायला जाऊन आली, बर्फातून. समुद्र हिवाळ्यात बघायचाय असं ती लग्न झाल्यापासून म्हणत होती. मी म्हणायचो, तुझ्या हातात स्टिअरिंग असताना नको. तोकिएने माझा कप पुन्हा भरला. रागात नव्हती. राग असता तर मला जमलं असतं.

‘चल आता’ म्हणायचं राहिलं. निघताना ती गाडीपाशी आली, आणि म्हणाली, सातव्या वळणावर बर्फाची काच आहे, ब्रेक आधीच मारा. मारला. खरंच काच होती.

हातमोजे खिशातच राहिले.

६ डिसेंबर. दुपार.
माझे टायर बसवून आले. मऊ रबराचे घेतले.

शेड झाडली. कोपऱ्यात फरशीवर चार गोल डाग. हरवलेला नट सापडला.

ओनोदेराबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, काय मास्तर, दिलेत का पोचवून? म्हटलं, दिले. व्यवस्थित पोचले. नेले नसते तर एप्रिलमध्ये ती त्या टायरांसाठी आली असती. एक दिवस तरी आली असती. नट धरायला मी बसलो असतो.